तारांकित नोंदी: जुन्या डेटाबेसच्या बॅकअपमध्ये काय उरतं आणि काय पुसलं जातं

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकला की पहिला प्रश्न बहुधा असा येतो: बॅकअप म्हणजे प्रतच ना? मग प्रतीचा इतिहास काय लिहायचा?

प्रश्न रास्त आहे. पण हस्तलिखितांवर काम करणाऱ्या कुणाला हा प्रश्न पडणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. एकेक प्रत लिहिताना काहीतरी राहतं, काहीतरी गळतं, आणि कुणीतरी ‘शुद्ध’ केलं की आधीचे पाठ मागे पडतात. संगणकातल्या प्रतींचं तसं नसतं असं आपण धरून चालतो. फाइल कॉपी केली की ती हुबेहूब, बाइट न् बाइट तीच. या लेखात मला दाखवायचं आहे की १९८०-९०च्या दशकातल्या टेबलावरच्या संगणकांवर, म्हणजे डीबेस, फॉक्सप्रो आणि नंतर अ‍ॅक्सेसच्या काळात, हे गृहीतक अनेकदा चुकीचं होतं. बॅकअप कोणत्या पद्धतीनं घेतला यावर त्यात काय उरलं ते ठरत होतं. आणि जितका बॅकअप नीटनेटका, तितका तो इतिहासकाराला कमी उपयोगाचा.

थोडी पार्श्वभूमी. १९७८च्या सुमारास वेन रॅटलिफ हा गृहस्थ कॅलिफोर्नियात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमध्ये कंत्राटावर काम करत होता. ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजांचा हिशोब ठेवायला त्यानं घरच्या मायक्रोसंगणकावर एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्या लॅबमध्ये मोठ्या युनिव्हॅक संगणकावर चालणारी जेपीएलडिस नावाची एक प्रणाली होती, तिची कल्पना त्यानं उचलली. त्याच्या प्रोग्रामचं नाव व्हल्कन. पुढे अ‍ॅश्टन-टेट कंपनीनं तो डीबेस टू या नावानं विकला (डीबेस वन कधी नव्हताच, ‘टू’ म्हटलं की सुधारित वाटतं एवढंच). १९८४ मध्ये डीबेस थ्री आला, मग थ्री प्लस. त्याच घराण्यातले क्लिपर आणि फॉक्सबेस निघाले, फॉक्सबेसचा पुढे फॉक्सप्रो झाला. १९९१ मध्ये अ‍ॅश्टन-टेट बोरलँडनं घेतली, १९९२ मध्ये फॉक्स मायक्रोसॉफ्टनं. आपल्याकडे पतसंस्था, दवाखाने, छोटे कारखाने, कॉलेजची कार्यालयं इथं नव्वदच्या दशकात ज्याला नुसतं ‘प्रोग्राम’ म्हणत, तो बऱ्याचदा याच घराण्यातला असायचा.

या सगळ्यांत समान होती ती डीबीएफ फाइल. तिची रचना इतकी सरळ आहे की कागदावर काढता येते. सुरुवातीला ३२ बाइटचं शीर्ष. त्यात पहिला बाइट फाइलचा प्रकार सांगतो, पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाची तारीख (वर्ष, महिना, दिवस), मग चार बाइटमध्ये एकूण नोंदी किती, मग शीर्षाची लांबी आणि एका नोंदीची लांबी. त्यानंतर प्रत्येक रकान्याचं वर्णन, ३२-३२ बाइटमध्ये. आणि मग नोंदी, एकीपाठोपाठ एक, सगळ्या सारख्याच लांबीच्या.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक नोंदीच्या अगदी सुरुवातीला एक जादा बाइट असतो. नोंद चालू असेल तर तिथे रिकामी जागा असते. तुम्ही डिलीट ही आज्ञा दिलीत की तिथे तारांकन बसतं, म्हणजे ही * खूण. बस्स, एवढंच. नाव, पत्ता, रक्कम, सगळं जागच्या जागी. सेट डिलीटेड ऑन केलं असेल तर ती नोंद पडद्यावर दिसत नाही, पण फाइलमध्ये असते. रिकॉल म्हटलं की परत येते. खरोखर काढून टाकायची तर पॅक ही वेगळी आज्ञा द्यावी लागे. पॅक तारांकित नोंदी गाळून उरलेल्या वर सरकवत असे.

जुन्या वहीत कारकून नोंदीवर तिरकी रेघ मारून बाजूला सही करायचा, त्याच्याशी याचं साम्य आहे. फरक एवढाच की वहीतली रेघ सगळ्यांना दिसते.

मी सध्या ज्या फ्लॉप्यांवर काम करते आहे त्यांतला तपशील इथे देणार नाही. त्यात हयात माणसांची नावं आहेत, आणि त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. त्याऐवजी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेच्या सभासद-फाइलच्या दोन प्रती तुमच्या हातात आल्या, एक मार्चची, एक एप्रिलची. मार्चच्या प्रतीत शीर्ष सांगतं ६१२ नोंदी, त्यांतल्या १४ तारांकित. एप्रिलच्या प्रतीत ६०३ नोंदी, तारांकन एकही नाही. म्हणजे मधल्या काळात पॅक झालं (६१२ वजा १४, ५९८) आणि पाच नवे सभासद आले. फक्त एप्रिलची प्रत उरली असती तर ते १४ जण कधी होते हेच तुम्हाला कळलं नसतं. फार तर सभासद-क्रमांकांत मधे मधे भोकं दिसली असती.

हे १४ कोण? इथे घाई करू नका. तारांकन ‘का’ ते सांगत नाही. एखादा वारला असेल, एखाद्यानं राजीनामा दिला असेल, एखादी नोंद दोनदा टाइप झाली असेल, एखाद्याला काढूनही टाकलं असेल. त्याचं उत्तर कागदात शोधावं लागतं, सभावृत्तांतात, भाग-नोंदवहीत. तारांकन फक्त प्रश्न विचारायला जागा देतं. पॅक केलेल्या प्रतीत ती जागाही नसते.

बॅकअप कसा घेत असत ते आता पाहू. पीसी-एक्सटी १९८३ मध्ये आला तेव्हा त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि फ्लॉपी ३६० किलोबाइटची. सगळी डिस्क उतरवायची तर साधारण २९ फ्लॉप्या. त्यात एखादी डेटा फाइल ३६०पेक्षा मोठी झाली की साधी कॉपी आज्ञा हात वर करायची. म्हणून डॉसमध्ये बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा होत्या. बॅकअप फाइल तोडून अनेक फ्लॉप्यांवर बसवायची, एक भरली की पुढची मागायची.

ही बॅकअप आज्ञा जुना इतिहास पुसण्यात फार कार्यक्षम होती. फ्लॉपीवर आधीचं जे काही असेल ते पुसलं जाईल असा इशारा देऊन ती ते खरंच पुसायची. म्हणजे मागच्या महिन्याच्या फ्लॉप्यांवर या महिन्याचा बॅकअप घेतला की मागचा महिना गेला. शिस्तीच्या ठिकाणी टेपच्या जमान्यातली ‘आजोबा-वडील-मुलगा’ पद्धत वापरत. तीन संच फिरवायचे, नवा बॅकअप सगळ्यांत जुन्या संचावर घ्यायचा. सुरक्षेच्या दृष्टीनं उत्तम. पण त्या घरात पणजोबांना जागा नाही. आज मला जिथे आठ-दहा वर्षांच्या प्रती सलग सापडतात ती बहुधा गबाळी कार्यालयं असतात. कुणीतरी फ्लॉप्या परत वापरण्याऐवजी खोक्यात टाकत गेलं. त्या अज्ञात माणसांची मी ऋणी आहे.

दुसरी अडचण प्रत पाहण्याची. डॉस ३.३ (१९८७) पासून बॅकअपच्या फ्लॉपीवर फक्त दोनच फाइली दिसायच्या. एकीत सगळा माल सलग ओतलेला, दुसरीत त्याची यादी, आणि दोन्हींची नावं सगळ्या संचांत सारखीच, फक्त शेवटी फ्लॉपीचा क्रमांक. डिरेक्टरी काढून पाहिली तर आत काय आहे याचा पत्ता लागायचा नाही. त्यात ३.३ नं घेतलेला बॅकअप ३.२ च्या रिस्टोअरला वाचता यायचा नाही. नुसतं ‘आत काय आहे ते दाखव, परत घालू नकोस’ असं सांगायची सोय रिस्टोअरमध्ये डॉस ५ बरोबर, १९९१ मध्ये आली. तोवर आत काय आहे हे पाहण्याचा सरळ उपाय म्हणजे ते परत घालणं. आणि चालू फाइलवर जुनी परत घातली की चालू फाइल गेली! लेबलवर पेनानं लिहिलेली तारीख हीच खरी सूची होती.

१९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये बॅकअप आज्ञा काढून टाकली आणि एमएसबॅकअप नावाचा पडदाभर चौकटींचा प्रोग्राम आला. जुने संच वाचता यावेत म्हणून रिस्टोअर तेवढी ठेवली. नव्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बॅकअपची सूची-फाइल बनायची, मूळ फाइलशी प्रत ताडूनही पाहता यायची. सूचीच्या आठ अक्षरी नावात ड्राइव्हची अक्षरं, वर्ष, महिना, दिवस सगळं कोंबलेलं असे, आणि त्यात वर्षाला जागा एकाच अंकाची. ३ म्हणजे १९९३. दहा वर्षांनी हे कुणी वाचत बसेल असं लिहिणाऱ्याला वाटलं नसावं, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

(फ्लॉप्यांचा विषय निघालाच आहे तर: १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा आणि ५ जानेवारीला संगणक अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा. जुन्या फ्लॉप्या वाचण्याआधी मी राइट-प्रोटेक्टची पट्टी लावते ती एरवीही लावायचीच असते, पण जोशींची आठवण होतेच.)

आता मुख्य मुद्द्याकडे. प्रत घ्यायचे दोन मूलभूत मार्ग होते, आणि वापरणाऱ्याला दोन्हीचा अर्थ ‘बॅकअप’ एवढाच होता. पहिला मार्ग डॉसचा. कॉपी, एक्सकॉपी, बॅकअप, नंतर पीकेझिप किंवा एआरजे. यांना फाइलच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तारांकित नोंदी, अर्धवट नोंदी, सगळा केरकचरा जसाच्या तसा उतरतो. दुसरा मार्ग डेटाबेसच्या आतून. डीबेसमध्ये फाइल उघडून कॉपी टू म्हणायचं. ही आज्ञा एकेक नोंद वाचून नवी फाइल लिहिते. सेट डिलीटेड ऑन असेल तर तारांकित नोंदी नव्या फाइलमध्ये जातच नाहीत. शीर्षातली तारीखही नवी पडते.

लांब मजकुराच्या रकान्यांत तर हा फरक आणखी ठळक होतो. डीबेस थ्रीमध्ये असा मजकूर वेगळ्या मेमो-फाइलमध्ये, ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत राहायचा. मजकूर वाढवून परत साठवला की तो फाइलच्या शेवटी नव्यानं लिहिला जाई आणि जुना ठोकळा बेवारस पडून राही. पॅक केलं तरी मेमो-फाइल लहान होत नसे. ती आवरायची तर कॉपी टू करूनच. म्हणजे एखाद्या दवाखान्यात रुग्णाच्या शेऱ्यात बदल केला असेल तर डॉसनं घेतलेल्या प्रतीत जुना आणि नवा दोन्ही शेरे असू शकतात, कॉपी टू केलेल्या प्रतीत फक्त नवा. दोन्ही फ्लॉप्यांवर लेबल एकच.

वीज गेल्याच्या खुणाही पहिल्याच प्रकारच्या प्रतीत टिकतात. डीबेस शीर्षातली नोंदींची संख्या फाइल बंद करताना लिहायचं. मधेच वीज गेली तर नोंदी डिस्कवर पोचलेल्या असत, पण शीर्षाला त्यांची वार्ताच नसे. म्हणून मी प्रत्येक प्रतीचा एक साधा हिशोब करते: शीर्षाची लांबी अधिक नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीची लांबी. फाइल याहून बरीच मोठी निघाली तर शेवटी शीर्षाला माहीत नसलेल्या नोंदी असू शकतात. लहान निघाली तर प्रत अर्धवट तुटली आहे.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आलं आणि तक्ते, फॉर्म, अहवाल सगळं एकाच एमडीबी फाइलमध्ये गेलं. बॅकअप घेणाऱ्याची सोय झाली. डीबीएफच्या वेळी मेमो-फाइल न्यायची राहिली तर प्रत पांगळी व्हायची, तो प्रकार संपला. पण अ‍ॅक्सेसची फाइल फुगत जायची, आणि त्यावर उपाय होता कॉम्पॅक्ट. कॉम्पॅक्ट म्हणजे नव्या फाइलमध्ये फक्त जिवंत डेटा लिहायचा आणि जुनी टाकून द्यायची. अ‍ॅक्सेस २००० मध्ये तर फाइल बंद करताना आपोआप कॉम्पॅक्ट व्हायची सोय आली. पुढच्या आवृत्त्यांत बॅकअपची आज्ञा फाइलच्या नावापुढे स्वतःच तारीख जोडू लागली, लेबलवरच्या पेनाची गरज उरली नाही. आजच्या एसक्यूलाइटमध्येही दोन्ही वाटा तशाच आहेत. २००९ मध्ये आलेली बॅकअपची सोय पानं जशीच्या तशी उतरवते, मोकळी झालेली पानंही. २०१९ चं व्हॅक्यूम इन्टू नवी, आवरलेली फाइल बनवतं. फरक एवढाच की आता हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं.

मराठी डेटाचा एक वेगळाच पेच आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवरच्या प्रोग्राममध्ये देवनागरी टाइप करता येई. आत साठवण इस्की संकेतात व्हायची, जो १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. त्यात इंग्रजी अक्षरं १२७ पर्यंत आणि भारतीय अक्षरं त्यावर. ‘क’चा क्रमांक १७९, ‘ह’चा २१६. आता हीच फाइल कार्ड नसलेल्या साध्या पीसीवर उघडली तर? आयबीएमच्या मूळ अक्षरसंचात १७९ ते २१८ या जागांवर चौकटी आखायच्या रेघा आहेत, एकेरी आणि दुहेरी. त्यामुळे सगळी व्यंजनं रेघा होऊन दिसतात. सभासदांची यादी उघडावी आणि पडद्यावर मोडक्या खिडक्यांचं जाळं पसरावं. खराब फाइल समजून अशा किती प्रती फेकल्या गेल्या असतील, याचा विचार नको वाटतो. प्रत्यक्षात डेटा धडधाकट असतो आणि इस्कीतून युनिकोडमध्ये नेणंही तुलनेनं सोपं, कारण युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच आराखड्यावर बेतलेला आहे.

विंडोजवर आल्यानंतरचा मराठी डेटा उलट जास्त त्रास देतो. तिथे साठवले गेले ते फॉन्टचे संकेत, आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. बॅकअपमध्ये डेटा आला, पण फॉन्ट दुसऱ्याच फोल्डरमध्ये राहिला. फॉन्टचं नाव कळेपर्यंत ती प्रत ‘पाहता’ येत नाही.

आता राहिला अवघड प्रश्न. जी नोंद कुणीतरी पुसली, ती मी वाचावी का? पुसणाऱ्याला वाटलं होतं की ती गेली. ज्याची नोंद होती त्यालाही कदाचित तसंच सांगितलं गेलं असेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि संशोधन व अभिलेखनासाठी सवलतही आहे, मात्र त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. कायद्यानं एवढं सांगितलं तरी माझं समाधान होत नाही. सध्या मी पाळते तो नियम असा: तारांकित नोंदी मोजायच्या, त्यांच्या तारखा आणि प्रकार पाहायचे, नावं लिहून घ्यायची नाहीत. मेमो-फाइलमधले बेवारस ठोकळे संस्थेच्या लेखी संमतीशिवाय उघडायचे नाहीत. माझ्या मार्गदर्शकांना हे जरा जास्तच सोवळं वाटतं. असेलही.

पण याच कारणासाठी सगळ्या प्रती ‘स्वच्छ’ करून ठेवाव्यात, हा युक्तिवाद मला पटत नाही. जुने संच हाती आले की ते एक्सेलमध्ये नेऊन मूळ फ्लॉप्या टाकून द्यायच्या, असं बऱ्याच ठिकाणी ठरतं. एक्सेलमधली ती यादी म्हणजे शेवटचं पॅक. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे नंतर ठरवता येतं, आधी गाळलेलं मात्र परत आणता येत नाही. मूळ प्रत बंद पाकिटात राहू दे, वापरायला स्वच्छ प्रत वेगळी करा.

तुमच्या घरात किंवा कार्यालयात असा खोका असेल तर एक विनंती. फाइल उघडून ‘सेव्ह’ करू नका, शीर्षातली तारीख जाते. फ्लॉपीची पट्टी सरकवून लिहिणं बंद करा आणि सबंध फ्लॉपीची प्रतिमा घ्या, एकेक फाइल निवडून नको. एकाच नावाच्या चार फाइली दिसल्या तर तीन ‘डुप्लिकेट’ म्हणून काढू नका, बीएके असं शेपूट असलेल्याही नाही. तक्त्याची रचना बदलताना डीबेस आधीची फाइल त्या नावानं मागे ठेवत असे, आणि जुने रकाने कधी कधी तिथेच सापडतात. लेबलं न सोलता त्यांचे फोटो काढा. आणि त्या काळी तिथं काम करणारं कुणी भेटलं तर मराठी कुठल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे एवढं विचारून एका चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी खोक्यातच टाका.